आठशेतले तिघे

भाचीच्या लग्नाला ८२ दिवस झाले तेव्हा बहिणीचा फोन आला. "दादा, अरे नोंदणी राहिलीच की! जावयाचं जर्मनीचं काम झालंय, व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेट मागतायत. नव्वद दिवसांत करायची असते म्हणे. तू रिकामाच आहेस ना?"

रिटायर्ड माणूस ही घराण्याची सामाईक मालमत्ता असते. मी रिकामाच होतो.

खरं तर या लग्नात काहीही राहून जाणं शक्य नव्हतं. कार्यालय अकरा महिने आधी ठरलं होतं. आमंत्रणं, मेंदी, हळद, रुखवत, देवक, फेटेवाला, बसगाड्या असं सगळं भाचीने एका एक्सेल शीटमध्ये बसवलं होतं. तिच्या १४३ ओळी मी स्वतः मोजल्या आहेत. हळदीला कोणी कुठल्या छटेचं पिवळं नेसायचं यालाच चार ओळी होत्या. एका ओळीत तर लिहिलं होतं, 'दुपारी १.४० : कानपिळी (उत्स्फूर्त)'. सगळी शीट चाळली, 'नोंदणी' हा शब्द कुठेच नव्हता. कायदा हा आमच्याकडच्या पाहुण्यांसारखा. पत्रिका पाठवायची राहून गेली तर तो नंतर घरी येऊन बसतो.

बरं, त्याचं मागणं तरी किती? वर २१ पूर्ण, वधू १८ पूर्ण. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे, त्यानुसार लग्नानंतर नव्वद दिवसांत निबंधकाकडे ज्ञापन द्यायचं. सरकारी मराठीत अर्जाला पदोन्नती मिळाली की त्याचं ज्ञापन होतं. सोबत वयाचे नि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार. फक्त तीन. आम्ही आचाऱ्याला ८०० पानं सांगितली होती.

तेव्हा म्हटलं, आठशेतले तिघे काढणं म्हणजे भाताच्या पातेल्यातून तीन शितं काढणं. मी डायरी घेऊन फोन फिरवायला बसलो.

साताऱ्याचे काका म्हणाले, "मंगळवारी अकरा वाजता? अरे, रविवारचं बघ ना." कार्यालयं रविवारी बंद असतात म्हटल्यावर त्यांना सरकारचा फार राग आला. आत्याच्या यजमानांनी आधी आधार कार्ड द्यायचं कबूल केलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "सही केली आणि पुढे यांचं पटलं नाही, तर मला कोर्टात यावं लागेल का?" मावसभाऊ प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दादा, मी अक्षता टाकल्या आणि निघालो. गाडीच्या मागे कोणीतरी गाडी लावली होती."

या मावसभावाच्या प्रामाणिकपणाने माझी झोप उडवली. कारण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम मी तोवर वाचलेलं होतं. ज्या लग्नात सप्तपदीचा विधी आहे, तिथे वधूवरांनी मिळून सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण होतो. म्हणजे 'शुभमंगल सावधान'ला वाजंत्री कितीही कडाडली आणि आपण पुढच्या रांगेतल्या टकलांवर कितीही अक्षता उधळल्या, तरी कायद्याच्या लेखी अजून काहीच घडलेलं नसतं. लोकांच्या लेखी मात्र सगळं उरकलेलं असतं. त्यानंतर पाच मिनिटांत हॉल रिकामा होतो आणि बुफेपुढे रांग लागते.

आमच्या सप्तपदीला समोर ४०० खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर, हातातल्या पेढ्यासकट झोपलेली एक आजी होती. होमाजवळ गुरुजी, दोघांच्या आया आणि तीन फोटोग्राफर. चौथ्या पावलाला फोटोग्राफर म्हणाला, "थांबा, गुरुजींचं डोकं मधे आलं, परत घ्या." सहाव्याला नवरदेव कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, म्हणून ते पुन्हा झालं. अशा हिशेबाने आमची भाची नऊ पावलं चालली. व्हिडिओत सगळं स्पष्ट दिसतं. विवाह मूळ सातव्या पावलाला पूर्ण झाला की रीटेकसह नवव्याला, याबाबत कलम मौन पाळून आहे.

हसण्यावारी नेऊ नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात हेच बजावलं, की विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू विवाह होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणं नि खाणंपिणं नव्हे, असंही न्यायालयाने सुनावलं. आमच्या एक्सेल शीटमध्ये नाचगाण्याच्या एकवीस ओळी होत्या. सप्तपदीची एक. तिच्यापुढे कंसात 'ड्रोन'.

याबाबतीत १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं मला कौतुक वाटतं. तिथे आधी नोटीस द्यायची, तीस दिवस हरकतींची वाट पाहायची आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा. पण लग्नाच्या वेळी वधूवरांनी अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना 'मी तुला स्वीकारतो', 'मी तुला स्वीकारते' अशा अर्थाचं वाक्य तोंडाने म्हणावं लागतं. ते तिघे जागे असतात आणि शेजारच्या खोलीत बासुंदी नसते. हरकतीची ती तीस दिवसांची मुदत मात्र आमच्या घराण्याला पुरायची नाही. बहिणीच्या लग्नावर आत्याने घेतलेली हरकत १९८९ पासून सुनावणीला आहे.

एक कायदा मात्र आम्ही नकळत, पण काटेकोर पाळला. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत. वधूला काय भेट आलं, वराला काय आलं, कोणी दिलं, त्याचं नातं काय, अंदाजे किंमत किती, याची लेखी यादी ठेवायची. आमच्या धाकट्या मावशीने दाराशी टेबल टाकून ही यादी लग्न लागायच्या आधीच पूर्ण केली होती. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं होतं, त्यामुळे वही २०० पानीच घेतली. नियमानुसार यादीवर वधूवरांच्या सह्या लागतात, त्या राहिल्या. पण 'मागच्या वेळी आपण यांना पाचशे दिले होते, यांनी तीनशेच' असा नियमांत नसलेला शेराही तिने जागोजागी घातला आहे.

अखेर नवऱ्यामुलाचे दोन मित्र तयार झाले. तिसरा मी. उरली गुरुजींची सही.

गुरुजी फोनवर म्हणाले, "आज तीन ठिकाणी आहे हो. काढीव मुहूर्त आहे. बारा चौतीसच्या लग्नाला या, तिथे करतो." मी फाइल घेऊन त्या अनोळखी कार्यालयात गेलो. दारात एकीने हातावर अत्तर लावलं, दुसरीने पेढा दिला. कोणीच काही विचारलं नाही. वराकडच्यांना मी वधूकडचा वाटलो, वधूकडच्यांना वराकडचा. मंगलाष्टकं झाली, लोक जेवायला पांगले. गुरुजींनी होमाशेजारूनच मला हाताने 'बसा' अशी खूण केली, म्हणून पहिल्या रांगेत बसून राहिलो. लाजाहोम पाहिला. सप्तपदी पाहिली, एकूण आठ पावलं. मग गुरुजींनी गुडघ्यावर फाइल ठेवून सही केली. ज्ञापनावर त्यांचं कुंकवाचं बोट उमटलं.

मी उठणार तोच वधूचे मामा धावत आले. हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही कोणाकडचे ते ठाऊक नाही. पण शेवटपर्यंत बसलात ते तुम्ही एकटेच. नोंदणीला आम्हाला एक साक्षीदार कमी पडतोय. मंगळवारी सवड आहे का?"

मंगळवारी अकराला मी तिथेच असणार होतो. दोन अर्जांवर दोन सह्या. त्यांच्या अर्जावर मी बिनधोक सही करीन. काळजी आमच्या अर्जाची आहे. भाचीच्या सप्तपदीच्या वेळी मीही मठ्ठा-जिलबीच्या रांगेत होतो.