पॉझपंत

लग्नघरात फोटोवाल्याचा विषय निघाला, की पॉझपंत खुर्ची पुढे ओढतात. "अण्णा, फोटोवाला वेगळा कशाला? मी व्हिडिओ घेतोय ना! मागाहून पॉझ करायचं आणि हवा तो फोटो काढून घ्यायचा." अण्णांनी नुकताच केटररचा आकडा ऐकलेला असतो, त्यामुळे हे त्यांना वेदवाक्य वाटतं. असे एक पंत प्रत्येक गोतावळ्यात असतात. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे, खांद्याला बॅग, खिशात जास्तीची बॅटरी. शाळेचं गॅदरिंग असो, सोसायटीचा गणपती असो की भाचीचं डोहाळजेवण, पंत सगळं 'सलग' घेतात. 'जरा इकडे बघा' हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलेलं नसतं. त्यांचा हिशेब कागदावर बिनतोड आहे: सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तीन तासांच्या कार्याच्या २ लाख ७० हजार होतात. एवढ्या ढिगात नवरीचा एक बरा फोटो मिळणार नाही? सहसा मिळत नाही. आणि माझ्या मते त्यात दोष पंतांच्या कॅमेऱ्याचा कमी, स्वभावाचा जास्त.

आधी कॅमेऱ्याचं बघू. व्हिडिओची फ्रेम एकटी बघण्यासाठी घेतलेलीच नसते. हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून तिच्यात थोडा धूसरपणा मुद्दाम ठेवतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद उघडं ठेवायचं, ही सिनेमावाल्यांची जुनी रीत. साध्या चालीनं चालणारा माणूस तेवढ्यात तीनेक सेंटीमीटर सरकतो, आणि हार घालणारा हात तर त्याहून चपळ. म्हणून पडद्यावर जो हार झोकात गळ्यात पडतो, त्याचा पॉझ केल्यावर नुसता झेंडूचा धूर होतो. अक्षतांच्या रेघा होतात. अंतरपाट धरणाऱ्या मामांच्या हाताला सहा-सात बोटं फुटतात. पापणी लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्या तीन-चार फ्रेममध्ये नवरी पेंगुळलेली असते आणि पंत नेमके तिथेच थांबतात. मग शटरचा वेग वाढवावा, तर १/५०० ला प्रकाश दहापट कमी मिळतो आणि मंगल कार्यालयातल्या उजेडात चेहऱ्यांवर दाणे उमटतात. शिवाय आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे हॉलमधले बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं, आणि भटजींच्या उपरण्यावर काळे पट्टे सरकू लागतात. फोटोवाला अशा वेळी फ्लॅश मारून मोकळा होतो. पंतांना ती सोय नाही.

आकाराचं गणितही पंतांच्या बाजूनं नाही. कॅसेटच्या हँडीकॅमची फ्रेम ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके. त्यातही अर्ध्या ओळी आधी आणि उरलेल्या १/५० सेकंदानं घेतलेल्या, त्यामुळे हललेल्या वस्तूच्या कडांना कंगव्याचे दात येत. फुल एचडीत ठिपके वीस लाखांवर गेले, पण इंचाला ३०० या दर्जानं छापलं तर फोटो भरतो ६.४ बाय ३.६ इंच. फोर-केमध्ये १२.८ बाय ७.२ पर्यंत मजल जाते. वहिनींना मात्र १२ बाय ३६ चं अल्बमचं पान हवं असतं, शेजारच्यांकडे तेवढं आहे म्हणून. त्यातून बहुतेक कॅमेरे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण ठेवतात आणि पुढच्यांसाठी फक्त काय बदललं त्याची नोंद करतात. सेकंदाला १०० मेगाबिट इतका भरघोस दर दिला तरी एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी अर्धा मेगाबाइट येतो. जिथे सगळंच एकदम बदललं, ती टाळ्यांची, वाजंत्र्यांची, अक्षतांची फ्रेम या काटकसरीत सर्वांत जास्त भरडली जाते, आणि पंतांना हवी असते नेमकी तीच.

यावर पंत क्रिकेट काढतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचानं धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज झाला, तो थांबवलेल्या व्हिडिओवरूनच ना? हो, पण पंचाला फक्त बॅट रेषेच्या आत की बाहेर एवढंच बघायचं होतं. सचिन त्यात कसा दिसतो याची चौकशी कोणी केली नाही. पंतांचा दुसरा दाखला अधिक वजनदार. जून २००९ च्या 'एस्क्वायर' मासिकाच्या मुखपृष्ठावरचा मेगन फॉक्सचा फोटो रेड वन या सिनेमाच्या डिजिटल कॅमेऱ्यानं केलेल्या चित्रीकरणातून उचललेला होता. मान्य. मात्र ते चित्रीकरण झालंच मुखपृष्ठासाठी. समोर पोझ देणारी नटी होती, धावपळीत करवल्या आणि विहिणी नव्हत्या. पॅनासॉनिकनं २०१४ पासून कॅमेऱ्यांत 'फोर-के फोटो' ही सोय दिली, सेकंदाला ३० फ्रेम आणि प्रत्येक ८ मेगापिक्सेलची. तिथेही धावतं मूल रेखीव हवं तर शटर वेगवान ठेवावं लागतं, आणि मग तोच तुकडा व्हिडिओ म्हणून बघताना मूल अडखळत धावतं. म्हणजे काय हवं आहे ते बटण दाबण्याआधी ठरवणं आलंच. हल्ली पंत म्हणतात, एआय सगळं साफ करतं. करतं खरं, नवरीला एकेक पापणी कोरून मिळते, फक्त ती तिची असेलच असं नाही.

आधी ठरवणं हेच पंतांना जमत नाही. हॉटेलात ते मेनूकार्ड दोनदा वाचून "तुम्ही काय घेताय?" विचारतात. साडीच्या दुकानात पाच साड्या बाजूला काढून ठेवायला सांगतात. कॅमेरा हातात आला की या स्वभावाला तंत्रज्ञानाचं पाठबळ मिळतं. फोटोवाला बटण दाबतो तेव्हा एक क्षण निवडतो आणि बाकीच्यांवर पाणी सोडतो. पंत कशावरच पाणी सोडत नाहीत. ते २ लाख ७० हजार निर्णय उद्यावर टाकतात, आणि एकेका फ्रेमला एकच सेकंद दिला तरी ते निस्तरायला सलग ७५ तास लागतात. हे तास त्यांना निवृत्तीनंतर मिळायचे असतात. तोवर 'सॉर्ट करायचंय' अशी चिठ्ठी लावलेली हार्ड डिस्क कपाटात राहते, आणि त्या जोडप्याच्या बाळाच्या बारशाला पंत नवी डिस्क घेऊन हजर होतात.

तरी पंतांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. कॅमेरा रोखला की माणसं ताठ होतात, सलग चालू राहिला की विसरतात. पाठवणीच्या आधी कोपऱ्यात बसलेल्या आजीचा चेहरा फोटोवाल्याच्या तावडीत कधी सापडत नाही. पंतांच्या चित्रीकरणात तो असतो, आणि आजी हलत नसल्यामुळे बराचसा रेखीवही असतो. असे चार-दोन चेहरे शोधण्यासाठी सगळे तास चाळायची गरज नाही, आजी कुठे बसली होती एवढं आठवलं तरी पुरतं. फ्रेम काढताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल घेऊ नये, कॅमेऱ्यातली मूळ घ्यावी. टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलनं फोटो काढण्यापेक्षा व्हीएलसीसारख्या प्लेयरमधून स्नॅपशॉट घ्यावा. तेव्हा तुमच्याकडे कार्य निघालं तर पंतांना जरूर बोलवा, ट्रायपॉड द्या, जेवायला पहिल्या पंगतीला बसवा. फोटोवाल्याचा अ‍ॅडव्हान्स मात्र ते यायच्या आधी देऊन टाका.