शार्लोट-प्रदक्षिणेचे शास्त्र

माथेरानच्या शार्लोट तलावाभोवती पायी हिंडणे ही वरवर सोपी दिसणारी क्रिया आहे. तलाव जागचा हलत नाही, आपल्याला पाय असतात, वाट तांबडी असते आणि चुकली तर कड्यावर जाऊन संपते. तरीही सुट्टी लागली की गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथून निघणारी कुटुंबे ही क्रिया ज्या रीतीने पार पाडतात ती पाहता, तिचे शास्त्र कोणीतरी लिहून ठेवणे समाजाच्या हिताचे आहे.

प्रथम नेता नेमावा. आमच्या घरात हे पद, ताईचे लग्न झाले त्या दिवसापासून, भावोजींकडे आहे. भावोजी लालबागचे. गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या मंडपात छातीवर बिल्ला लावून रांगा सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे समोर माणूस आला की तो रांगेत नाही एवढेच त्यांना आधी दिसते. सहलीला सगळी घरचीच माणसे असली तरी दादर स्थानकाच्या फलाटावर ते आमचे दोन भाग पाडतात. तरणीताठी, पोरेटोरे ती मुखदर्शनाची रांग. गुडघे धरलेली आणि डबे सांभाळणारी ती नवसाची. मी कोणत्या रांगेत, यावर दर वेळी वाद होतो आणि दर वेळी माझ्या हातात डबे येतात.

प्रस्थानाचा नियम असा. गिरगावकराने चर्नी रोडहून दादरला यावे आणि पूल ओलांडून मध्य रेल्वेत शिरावे. लालबागकराने करी रोडहून धीमी गाडी धरून दादर गाठावे, कारण कर्जतची जलद गाडी करी रोडला थांबत नाही. ही गोष्ट भावोजींना अजून मान्य नाही. गाडी कर्जत असो वा खोपोली, दोन्ही नेरळला थांबतात. डोळा लागला तर पुढचे स्थानक भिवपुरी रोड, आणि त्यापुढे कर्जत. कर्जतचा वडा खाऊन उलट नेरळला यायचे ही भावोजींची योजना तिकीट तपासनीसाला समजावून सांगता येत नाही.

नेरळला मुक्काम करू नये. तिथे छोटी गाडी दिसते आणि भावोजींचा इतिहास सुरू होतो. ही गाडी १९०७ साली आली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या मुंबईच्या माणसाने ती डोंगरावर चढवली, रुळांमधले अंतर दोन फूट, वाटेत बोगदा एकच. सगळे खरे आहे. पण ‘बोगदा एकच’पर्यंत पोचेतो खिडकीपुढची रांग आपल्याला सोडून पुढे सरकलेली असते आणि तिकिटे संपतात. गाड्या मोजक्या, डबे इवलेसे. तेव्हा आधी रांग, मग इतिहास. नाहीतर सरळ शेअर टॅक्सीत बसून दस्तुरी नाक्याला उतरावे. त्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. पाय, घोडा, हल्ली थोड्या ई-रिक्षा, आणि अमन लॉजपासून छोट्या गाडीची शटल.

पांढरे बूट घालू नयेत. जांभ्याची धूळ एकदा बसली की ती त्या बुटांची पुढची मालकीण.

दस्तुरीहून बाजारपेठ अडीच किलोमीटर, आणि तिथून तलाव आणखी दोनेक. चढ नाही म्हणावा इतका बेताचा. डोक्यावर जांभूळ, हिरडा आणि अंजनीची सावली असते, त्यामुळे मे महिन्यातसुद्धा हे अंतर सुखाने कापता येते. मात्र नाक्यावरच घोडेवाले भेटतात आणि लेक फार लांब असल्याचे सांगतात. इथे मन घट्ट करावे. भावोजी करत नाहीत.

“मेव्हणे, घोडा सांगू का?”

“भावोजी, विसर्जनाला तुम्ही लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत वीस-वीस तास चालता. अनवाणी!”

“तिथे पुढे राजा असतो. इथे पुढे काय आहे?”

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

माकडांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. माथेरानच्या माकडाला पाठीवरच्या बंद सॅकशी कर्तव्य नसते. त्याचे कान असतात ते पिशवीच्या चुरचुरण्याकडे. फरसाणाचे पाकीट बोटात लोंबकळत नेणारा माणूस हा त्याच्या हिशेबी फेरीवाला. म्हणून खायचे ते सगळे सॅकच्या पोटात, वर कपडे, आणि चेन शेवटपर्यंत ओढलेली. उघड्यावर डबा सोडू नये, नजरेला नजर भिडवू नये, आणि एकदा पाकीट गेले की ते गेले. ओढाताण केलीत तर चावा मिळतो आणि सहलीचा उरलेला दिवस सुया टोचून घेण्यात जातो. भावोजी मात्र त्यांनाही रांगेत यायला सांगतात. माकडे ऐकत नाहीत. आमच्या घरची माणसे ऐकतात, यावरून काय तो निष्कर्ष काढावा.

पहाटे निघून लवकर पोचलात तर ओढ्याच्या बाजूने कोणीतरी अगदी माणसासारखी, थोडी वाट चुकलेली शीळ घालतो. तो शीळकरी कस्तूर, निळसर काळा पक्षी. पाऊस जवळ आला की अधिक रंगतो. आमची वरात ती शीळ ऐकून जागीच थांबते, कारण भावोजी मागे वळून विचारतात, “शिट्टी कोणी मारली?”

आता खुद्द तलाव. हा माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, तेव्हा त्यात पाय बुडवून बसू नये, ताटल्या विसळू नयेत, आणि पोहण्याचे तर नावच नको. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्यात माणसे बुडालेली आहेत. पावसाळ्यात बांधावरून पाणी सांडते तेव्हा खालच्या दगडांवर शेवाळ असते. फोटोसाठी तिथे उतरणाऱ्याला भावोजी ज्या आवाजात हाक मारतात तो आवाज मंडपात दहा हजारांच्या गर्दीला पुरतो. तेवढ्यापुरते मला भावोजी पूर्ण मान्य आहेत.

काठाशी पिसारनाथाचे देऊळ आहे. माथेरानचे हे ग्रामदैवत. इथे नमस्कार करून तलावाला पूर्ण फेरी घालण्याचा माझा संकल्प असतो आणि तो दरसाल कांदाभजीच्या टपरीपाशी मोडतो. भावोजींकडे त्याला धर्माचा आधार आहे. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालतात, पन्हळीपाशी पोचले की ती न ओलांडता उलट फिरायचे. तलाव शंकराचा, पन्हळ म्हणजे टपरी. भजी खाऊन फिरा मागे.

पॉइंट मोजू नयेत. लॉर्ड, सेलिया, किंग जॉर्ज, एको, लुइझा ही मंडळी तलावाच्या आसपासच आहेत आणि एका दिवसात सगळी ‘करून टाकता’ येतात, पण करून टाकल्यावर कुठून काय दिसले ते कोणालाच सांगता येत नाही. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाकडून हा डोंगर चढला तेव्हा त्याच्याजवळ पॉइंटांची यादी नव्हती. दोन निवडा, तिथे बसा. कठडा असला तरी त्याला टेकू नका.

एको पॉइंटला मात्र सूट द्यावी. तिथे भावोजी दोन्ही हात तोंडाशी नेऊन “गणपती बाप्पा” अशी आरोळी ठोकतात. नियमाप्रमाणे दरीने “बाप्पा” एवढेच परत द्यायला हवे. पण ज्यांचा आमचा काडीचा संबंध नाही असे परळचे, घाटकोपरचे, पुण्याचे लोक पाठीमागून “मोरया” म्हणतात. भावोजी समाधानाने हात झटकतात. दरीने काम चोख केले असे त्यांचे मत असते.

आणि हो, तो घोडा. शास्त्र जरा बाजूला ठेवून सांगतो. माझी आई थकले असं कधी म्हणत नाही. गुडघे बोलायला लागले तरी ती पदर खोचून पुढेच. मग भावोजींना अचानक धाप लागते. दगड बघून ते बसतात, पाणी मागतात, बूट काढून बोटं मोजतात. आई शेजारी टेकते आणि वर त्यांनाच सुनावते, एवढा धडधाकट माणूस आणि दम नाही. शेवटी “माझ्यासाठी सांगितला, पण मला घोड्याची भीती वाटते, आई, आता पैसे दिलेत तर तुम्हीच बसा,” असं म्हणून ते तिला वर चढवतात आणि स्वतः लगामाशेजारून तलावापर्यंत चालत जातात. दम बिलकुल लागत नाही. ही युक्ती माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, आणि लक्षात आल्यावरही मी डबे त्यांच्या हातात दिलेच.

बाजारातल्या चपला परतताना घ्याव्यात, जाताना नव्हे. नवी चप्पल तलाव बघू देत नाही.

शेवटी वेळेचे. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते, तिची शेवटची फेरी कितीला हे वर पोचल्या पोचल्या विचारून घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या नेल्यात तर खाली आणा. उजेडात उतरा. रविवारी संध्याकाळी नेरळला मुंबईकडची लोकल येते ती कर्जतहूनच भरून आलेली असते, आणि तुमच्या हातात चिक्की, चपला आणि झोपलेले पोर असे तिन्ही असते. जमत असेल तर रजा टाका आणि मंगळवारी किंवा बुधवारी जा. वाटा मोकळ्या मिळतील, भजी गरम मिळतील, शीळही ऐकू येईल. रविवारी तिथे भावोजी असतात.