बिनरंगी नाना

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असलेल्या संस्थेत असे एक नाना असतातच. नमुन्याला रंग लावलेला त्यांना खपत नाही. पीएचडीची एखादी पोरगी युरेनिल ॲसिटेटची बाटली घेऊन दारात दिसली, की नानांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "अगं, प्रथिनाभोवती साचलेलं युरेनियम बघायचं आणि पेपर प्रथिनावर लिहायचा?"

मुद्दा खोटा नसतो, हीच पंचाईत. पण कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन असल्या हलक्या अणूंना इलेक्ट्रॉन फारशी भीक घालत नाहीत. सरळ आरपार निघून जातात. बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून द्रवरूप इथेनमध्ये क्षणात गोठवलेला बिनरंगी नमुना पडद्यावर ताकात कालवलेल्या भातासारखा दिसतो. नानांना मात्र त्यात सगळं दिसतं. "हे बघ रायबोसोम!" म्हणून ते पडद्यावर बोट टेकवतात. पोरगी "हो सर" म्हणते. तिला बोटाचा ठसा तेवढा दिसतो.

मग नानांच्या खटपटी सुरू होतात. छोटं अपर्चर आत सरकतं. वाटेत ऊर्जा गमावून बसलेल्या इलेक्ट्रॉनांना एनर्जी फिल्टर बाहेरचा रस्ता दाखवतो. एवढं करून फोकस अगदी अचूक लावला, तर होतं नव्हतं तेही गायब! म्हणून नाना तो मुद्दाम एक-दोन मायक्रॉन चुकवतात, तेव्हा कुठे कडा उमटतात. त्यात बीम जास्त पडला की नमुन्याची वाट लागते. म्हणून फोकस लावायचा तो शेजारच्या जागेवर. ज्याला बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, हा शिष्टाचार पाळायला पोरं नानांकडेच शिकतात. कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या फेज प्लेटचा विषय निघाला, की त्यामागची कल्पना मांडणाऱ्या झेर्निकेंचं १९५३ चं नोबेल ते घरचं कार्य असल्यासारखं सांगतात. २०१७ चं नोबेल नमुना असा गोठवून बघणाऱ्या क्रायोवाल्यांना मिळालं, तेव्हा पेढे वाटले ते नानांनी.

परवा संचालक पाहुण्यांना घेऊन आले. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी. संचालक दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "वा! अप्रतिम!"

पोरगी नानांच्या कानाशी लागली, "सर, ग्रिडच्या या भोकात काहीच नाहीये."

"ठाऊक आहे," नाना म्हणाले. "नुसता बर्फ आहे. पण एक तरी स्फटिक सापडतोय का बघ!"