पद्मिनीचं पथ्यपाणी

एमआयडीसीचा जन्म 1962 साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. तिथल्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता काचेचे आयटी पार्क उभे आहेत. पण रविवारी सकाळी उरल्यासुरल्या गॅरेजांत डोकावलंत, तर पद्मिनीवाले काका हटकून भेटतील. काका निवृत्त झालेत; कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली त्यांची पद्मिनी गाडी मात्र अजून निवृत्त झालेली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा काकांनी सुतक पाळलं होतं.

त्यांना ‘गाडी कशी आहे?’ असं विचारू नये. ‘काय पाजता?’ असं विचारावं आणि स्टूल ओढून बसावं.

काकांच्या हिशेबी कलियुग लागलं ते 1 फेब्रुवारी 2000 ला. त्या दिवसापासून देशभरातल्या पेट्रोलमधलं शिसं गेलं. शिसं पोराबाळांना घातक, हे त्यांना मान्य. पण व्हॉल्व्हच्या सीट झिजू नयेत म्हणून आता कोण जपणार? त्यांनी हेड उघडून कडक सीट बसवून घेतल्या. जरा हुश्श करतात तोच वीस टक्के इथेनॉल आलं. ते जुन्या रबरी नळ्या खातं, पंपाचा डायफ्राम बिघडवतं, हवेतलं पाणी ओढून टाकी गंजवतं. यातलं बरंचसं खरं आहे, हीच पंचाईत! म्हणून काका बिनइथेनॉलचं, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल दीडपट पैसे मोजून भरतात. त्या 1089 सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळात इतकं कमी, की शंभर ऑक्टेनचा त्याला पत्ताही लागत नाही.

ऑइलचा विषय काढायला दुपार मोकळी हवी. नव्या गाड्यांचं 0डब्ल्यू20 म्हणजे “पाणी हो, निव्वळ पाणी!” जुन्या इंजिनातल्या फटी मोठ्या, तिथे 20डब्ल्यू50 च हवं. टॅपेट झिजू नयेत म्हणून त्यात जस्तही हवं. आणि सिंथेटिक? “घाला की! सकाळी इंजिनात शोधू नका, पार्किंगमध्ये सापडेल.”

एवढ्यात मेकॅनिक डिपस्टिक काढतो. ऑइल कोरं करकरीत! भरल्यापासून गाडी तीन हात नाक्यापर्यंतही गेलेली नसते. कधी पाऊस, कधी ऊन, कधी खड्डे. काकू भाजी रिक्षाने आणतात.

काका, उभ्या गाडीत महागडं पेट्रोलही शिळं होतं आणि न तापलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये पाणी साठतं. नळ्या बदला, 20डब्ल्यू50 भरा आणि दर रविवारी काकूंना घोडबंदरपर्यंत फिरवून आणा. पद्मिनीला इथेनॉलपेक्षा तुमची माया जास्त बाधतेय.