कॅपिटलचा मान कुणाला?

७ मार्च १९३० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखातून जाहीर केलं की यापुढे ‘नीग्रो’ हा शब्द आमच्याकडे कॅपिटल ‘एन’ने छापला जाईल. बदल एका अक्षराचा, पण त्यासाठी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी वर्षानुवर्षं संपादकांना पत्रं लिहून भंडावून सोडलं होतं. डू बॉइस म्हणजे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले काळे विद्वान आणि १९१० पासून ‘द क्रायसिस’ या मासिकाचे संपादक. एवढ्या मोठ्या माणसाची हीच मागणी १९२६ साली याच वर्तमानपत्राने फेटाळली होती. चार वर्षांत इंग्रजी व्याकरण बदललं नव्हतं. संपादकांचं मन बदललं होतं.

विशेषनामाला कॅपिटल, सामान्यनामाला लहान अक्षर, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही घोकून घ्यायला लावतात. मग आयरिश, इटालियन, ज्यू, चायनीज या सगळ्यांना कॅपिटल आणि ज्यांच्या घामावर अमेरिकेतला कापूस पिकला त्यांनाच तेवढं लहान अक्षर, हे कुठलं व्याकरण? डेस्कवरचं ठरलेलं उत्तर असं की हा रंगाचा शब्द आहे, लोकांचा नाही. हे उत्तर किती खरं होतं ते त्याच पानांवर दुसरीकडे दिसायचं. दक्षिणेतली बरीच वर्तमानपत्रं गोऱ्या बाईच्या नावाआधी ‘मिसेस’ लावत आणि काळ्या बाईच्या नावाआधी लावत नसत. ‘मिसेस’ काही रंगाचा शब्द नाही. तो गाळला जायचा, कारण तो मानाचा होता. लहान ‘एन’ त्याच हिशेबात बसायचा.

मराठीत कॅपिटल नाही म्हणून आपण यातून सुटलो, असं कुणी समजू नये. आपल्या बातमीत आमदार ‘म्हणाले’ आणि मजूर ‘म्हणाला’. बिल्डर ‘जखमी झाले’ आणि त्याच अपघातातला चालक ‘जखमी झाला’. हे कुठल्या कोशात लिहिलेलं नाही. उपसंपादकाचा हात आपोआप तसा वळतो आणि कुणी विचारलं तर ‘आपल्याकडे अशीच पद्धत आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

ही ‘पद्धत’ म्हणजे स्टाइलबुक. ते कुणीतरी माणूस लिहितो आणि त्याच्या मर्जीने ते चालतं. ‘शिकागो ट्रिब्यून’चे मालक रॉबर्ट मॅकॉर्मिक यांना इंग्रजी स्पेलिंग सोपं करायचं होतं. १९३४ साली त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात बदल सुरू केले. पुढे ‘थ्रू’मधली ओ, जी, एच ही तीन अक्षरंही छाटली गेली. मॅकॉर्मिक १९५५ साली वारले, तरी छाटलेले शब्द १९७५पर्यंत छापले जात होते. शाळेत मास्तर ज्या स्पेलिंगवर लाल रेघ मारायचे तेच घरी रोज पेपरात यायचं. मालकाने मनावर घेतलं तर शेकडो वर्षांचं स्पेलिंग हलतं. मग एका समाजाच्या नावाचं पहिलं अक्षर हलवताना परंपरेची भीती का वाटते?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर महिन्याभरात, १९ जूनला, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’ला कॅपिटल ‘बी’ दिला आणि ‘इंडिजिनस’लाही कॅपिटल केलं. १९ जून हा अमेरिकेत गुलामीतून मुक्तीचा दिवस. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही तोच निर्णय घेतला. लगेच प्रश्न आला, मग ‘व्हाइट’चं काय? असोसिएटेड प्रेसने ते लहानच ठेवलं, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने कॅपिटल केलं. मला असोसिएटेड प्रेसचं पटतं. ‘ब्लॅक’ हे त्या लोकांचं नाव झालं, कारण गुलामीने त्यांची गावं, भाषा, आडनावं पुसून टाकली होती. गोऱ्यांकडे आयरिश, पोलिश, जर्मन ही आपापली नावं शाबूत राहिली. शिवाय ‘व्हाइट’ला कॅपिटल देण्याची रीत वर्णवर्चस्ववाद्यांचीही होती.

याच असोसिएटेड प्रेसने १ जून २०१६ पासून ‘इंटरनेट’चं कॅपिटल काढून घेतलं. वस्तू रोजच्या वापरातली झाली, कॅपिटल गेलं. योग्यच झालं.

सत्तेच्या बाबतीत मात्र ही काटछाट आपल्याकडे होत नाही. लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये पंतप्रधानसुद्धा लहान ‘पी’ने आणि लहान ‘एम’ने छापले जातात. पद ही नोकरी आहे, नाव नव्हे, असा त्यांचा साधा हिशेब. असोसिएटेड प्रेस पदाला कॅपिटल देते ते फक्त नावाच्या लगेच आधी आलं तर. आपल्या इंग्रजी पेपरांत मुख्यमंत्री, राज्यपाल, पालकमंत्री, आयुक्त हे सगळे सर्रास कॅपिटलमध्ये येतात, नाव असो वा नसो. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीची बातमी वाचा, ओळीगणिक कॅपिटल उभी असतात. त्याच पानावर आदिवासी आणि दलित या शब्दांचा काही नेम नाही, कुठे कॅपिटल मिळतं, कुठे लहान अक्षर. पालकमंत्र्याचं कॅपिटल मात्र कधी चुकत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डू बॉइस यांना एक पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांची संयुक्त राष्ट्रांकडे जी याचिका गेली होती, तिच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या, कारण भारतातल्या अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असा विचार त्यांच्या मनात होता. पत्र छोटं आहे. त्यात अमेरिकेच्या ‘नीग्रो’ला कॅपिटल ‘एन’ आहे आणि भारतातल्या ‘अनटचेबल्स’ला कॅपिटल ‘यू’. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकलेल्या, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या माणसाला कॅपिटल कुठे द्यायचं हे शिकवायची गरज नव्हती. त्यांनी ते ठरवून दिलं होतं. आज अस्पृश्य हा शब्द मागे पडला आणि त्या जागी समाजाने स्वतः निवडलेला दलित हा शब्द आला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरच्या पोरांनी तो छातीवर मिरवला. ऑगस्ट २०१८मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी टीव्ही वाहिन्यांना हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याचा सल्ला दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशाचा त्याला आधार होता. सरकारी दाखल्यावर अनुसूचित जाती लिहा, ते घटनेतलं नाव आहे. पण लोकांनी स्वतःला दिलेलं नाव बातमीतून काढायला सांगणं मला मान्य नाही.

मुंबईचंही तसंच. १९९५ साली इंग्रजीतलं ‘बॉम्बे’ गेलं. फेब्रुवारी २०१६मध्ये लंडनच्या ‘इंडिपेंडंट’चे संपादक अमोल राजन यांनी जाहीर केलं की आमचं वर्तमानपत्र पुन्हा ‘बॉम्बे’च लिहील, कारण ‘मुंबई’ हे हिंदू राष्ट्रवाद्यांनी आणलेलं नाव आहे. १९९५चं राजकारण कुणाचं होतं हे मराठी माणसाला लंडनहून कळवायला नको. पण मुंबई हे नाव १९९५ साली जन्मलं नाही. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, सातारा-रत्नागिरीहून आलेली त्यांची बायकापोरं, कोळीवाड्यातली म्हातारी हे सगळे मुंबईच म्हणत आले. एका पक्षाला विरोध करायचा म्हणून त्या सगळ्यांची जीभ खोटी ठरवायची? २०१९ साली ‘गार्डियन’ने आणि असोसिएटेड प्रेसने ‘कीव’ शहराचं रशियन वळणाचं स्पेलिंग सोडून युक्रेनियन वळणाचं घेतलं. ज्यांचं गाव, त्यांचा उच्चार, हा नियम मुंबईलाही लागू आहे.

‘गार्डियन’चं स्टाइल गाइड कुणालाही उघडून वाचता येतं. आपल्या प्रत्येक इंग्रजी वर्तमानपत्रानेही आपलं स्टाइलबुक वाचकांसमोर ठेवावं. मराठी वर्तमानपत्रांनीही ठेवावं, ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाले’ यांच्या नियमासकट. मग भामरागडच्या एखाद्या माडिया मुलीला पालकमंत्र्याला कॅपिटल आणि आदिवासीला लहान अक्षर का, हे पान दाखवून विचारता येईल, आणि संपादकाला तिला लेखी उत्तर द्यावं लागेल.