नानांचा सीझन

पार्ल्यात कुणालाही “फेब्रुवारीत ऑर्केस्ट्राला येणार का?” असं विचारलं की पहिला प्रश्न येतो, “गाणारं कोण आहे?” दुसरा येतो, “निवेदन कोण करतंय?” गाणारं कुणी नाही, निवेदनही नाही, ऐंशी-नव्वद माणसं काळे कपडे घालून दोन तास नुसती वाजवणार, एवढं ऐकल्यावर तिसरा प्रश्न येत नाही. समोरच्याला एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं. अशा माणसाला त्याच्या दुधासकट उचलून जो नरिमन पॉइंटला नेऊन बसवतो, त्याला नाना म्हणायचं.

नाना एकच आहेत असं समजू नका. दादरला एक आहेत, ठाण्याला एक आहेत, आणि पुण्याचे तर दोन आहेत असं ऐकतो. ते एकमेकांशी बोलत नाहीत. मला आमचे पार्ल्याचे ठाऊक. पण जात सगळ्यांची तीच. वय साठीच्या पुढे. नोकरी बँकेत किंवा एलआयसीत झालेली. वाद्य एकही येत नाही. सुरांचं ज्ञान म्हणाल तर वाढदिवसाला ‘हॅपी बर्थडे’ सुरू झालं की शेजारचे लोक आवाज वाढवतात, नाना ऐकू येऊ नयेत म्हणून. ऑफिसातल्या एका पारशी साहेबानं कधीतरी, स्वतःला जमत नव्हतं म्हणून, तिकीट हातात ठेवलं आणि माणूस कामातून गेला.

मात्र नाना सोसायटीच्या गणेशोत्सवाचे वर्षानुवर्षांचे खजिनदार. हे लक्षात घेतल्याशिवाय नाना कळत नाहीत.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 साली मुंबईत नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएत, उभा राहिला. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव या दोघांनी तो उभा केला. नानांना समोरच्या बिऱ्हाडातल्या जावयाचं नाव अजून नीट येत नाही, पण ‘मरात बिसेनगालिएव’ ते एका श्वासात, ठेच न लागता म्हणतात. वर्षाला दोन सीझन, एक फेब्रुवारीत आणि एक सप्टेंबरात. काही वादक इथलेच, बारा महिने मुंबईत राहून पोरांना शिकवणारे. बाकीचे सीझनपुरते परदेशातून येतात. नानांचं वर्षही त्याच बेतानं चालतं. मोतीबिंदू मार्चमध्ये काढला. मुलीच्या लग्नासाठी गुरुजींनी काढलेला फेब्रुवारीचा मुहूर्त त्यांनी “त्या आठवड्यात ब्राम्स आहे” असं सांगून परत केला. गुरुजींनी ब्राम्स हा मुलाकडचा कुणी वडीलधारा असावा असं समजून मे महिना काढून दिला.

तिकिटं खपवायची नानांची पद्धत वर्गणीची आहे. आधी वीस तिकिटं स्वतःच्या पैशानं काढायची, मग वहीत जिन्याजिन्यानं नावं मांडायची आणि रविवारी सकाळी, माणूस दाढी करत असताना, बेल वाजवायची. अर्ध्या दाढीच्या माणसाला भांडता येत नाही. “क्लासिकल माझ्या आवडीचं नाही” म्हणणाऱ्याला ते सांगतात, “गणपतीच्या वर्गणीच्या वेळी मी तुम्हाला श्रद्धा आहे का विचारतो?”

अर्थशास्त्रही त्यांना तोंडपाठ आहे. नव्वद माणसं, त्यातल्या कित्येकांचं विमान, राहणं, जेवण, तालमीचे दिवस, आणि वर डबल बेससारखं कपाटाएवढं वाद्य. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात खुर्च्या जेमतेम अकराशेच्या आसपास. सगळ्या भरल्या तरी खर्च भरून येत नाही, आणि हे जगात बहुतेक सगळीकडे असंच आहे. देणगीदार, कंपन्या, ट्रस्ट किंवा सरकार, कुणीतरी मागे उभं असावंच लागतं. “मग तुमच्या वीस तिकिटांनी काय होणार?” असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, “मोठा देणगीदार पैसे कुठे देतो? जिथे हॉल भरलेला दिसतो तिथे. मंडपात चिटपाखरू नसेल तर नगरसेवक आरतीला येतो का?” वीस वर्षं खजिनदारी केलेला माणूस बोलत होता. माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी तिकीट घेतलं.

इतिहास सांगताना मात्र नाना हिशेब सोडून गहिवरतात. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. तो टिकला नाही. त्यांचा मुलगा झुबिन 1954 साली शिकायला व्हिएन्नाला गेला आणि पुढे परदेशातलाच झाला. मेहली स्वतःही मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले. नानांच्या मते हे सगळं घडलं कारण त्या काळी पार्ल्यातून कुणी तिकिटं खपवली नाहीत. 2023च्या ऑगस्टमध्ये सत्त्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियापुढे उभे राहिले, तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर थकबाकी वसूल झाल्याचं समाधान होतं.

दुसरी गोष्ट गोव्याची. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे जी व्हायोलिनं वर्षानुवर्षं वाजली, त्यातली कितीतरी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची. शंकर-जयकिशनचं वाद्यवृंद-संयोजन सॅबेस्टियन डिसोझांनी केलं. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विसांकडे. याच गोन्साल्विसांनी 1958 साली देशी गाणं आणि विलायती वाद्यमेळ एकत्र बांधून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला होता आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. “गाणारं कोण?” विचारणाऱ्याला नाना ही गोष्ट सांगतात, आणि तरीही तो विरघळला नाही तर शेवटचा पत्ता टाकतात: मोझार्टची चाळिसावी सिम्फनी. तिची सुरुवात म्हणजे ‘छाया’ सिनेमातलं तलत-लताचं गाजलेलं द्वंद्वगीत. सलील चौधरींनी 1961 साली मोझार्टवरून उचललं आणि सोनं केलं. नाना ते गुणगुणून दाखवतात. यामुळे दोन तिकिटं रद्द झाल्याची नोंद वहीत आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी नाना साडेपाचलाच पार्ले स्टेशनवर उभे असतात. सातचा कार्यक्रम सातला सुरू होतो आणि दार बंद झालं की पुढला टप्पा येईपर्यंत आत सोडत नाहीत, हे आमच्या लोकांना पटत नाही. तिसऱ्या घंटेनंतर वड्याचा शेवटचा घास तोंडात ठेवून अंधारात दुसऱ्याच्या पायावरून खुर्ची गाठणं हा आपला नाट्यगृहातला जन्मसिद्ध हक्क. गाडी अंधेरीहून येईस्तोवर आणि मग चर्चगेटपर्यंत नानांचा वर्ग चालू. खोकला आला तर दोन भागांच्या मधे. गोळीचा कागद आत सोडायचा नाही. म्हणून नाना स्वतः प्रत्येकाच्या तळहातावर दोन लवंगा आणि ज्येष्ठमधाची काडी ठेवतात. मांडीवर ताल धरायचा नाही. “वा” म्हणायचं नाही.

“आवडलं तरी?” जोशीकाकूंनी विचारलं.

“आवडलं तर मनात म्हणा.”

“मनात मी स्वयंपाकघरात पण म्हणते हो. त्यासाठी नरिमन पॉइंट कशाला?”

आणि सर्वांत मोठा नियम टाळीचा. सिम्फनीचे बहुधा चार भाग. भाग संपला की टाळी नाही, दुसरा संपला की नाही, तिसरा संपला तर अजिबात नाही. कंडक्टरनं हात खाली घेतले, वळला, की मग टाळी.

याचा परिणाम एका सीझनला असा झाला. चायकोव्हस्कीची सहावी होती. तिचा तिसरा भाग अशा धडाक्यात संपतो की सगळं आटोपलं असंच वाटतं. शेवटचा भाग मात्र हळूहळू विझत जाणारा. जगभरचे श्रोते तिसऱ्या भागानंतर फसतात, तसं आमचंही थिएटर फसलं. वर्षानुवर्षं येणारे लोक टाळ्यांचा कडकडाट करत होते. एक रांग तेवढी हात मांडीखाली दाबून, शोकसभेला बसल्यासारखी समोर बघत होती. ती पार्ल्याची. माझ्या शेजारच्या वृद्ध पारशी बाईंनी वाकून काळजीनं विचारलं, “तमे लोकोने नहीं गम्युं?” नाना माझ्या पलीकडून म्हणाले, “बाई, अजून एक बाकी आहे.” बाईंचे हात जागीच थांबले. त्या रात्री परतीच्या गाडीत नाना कुणाशी बोलले नाहीत, नुसते हसत होते. शाळेचा निकाल शंभर टक्के लागलेला हेडमास्तर असाच दिसत असावा.

आता जे सांगणार आहे ते नानांना कळता कामा नये. नाना झोपतात. संथ भाग सुरू झाला, व्हायोलिनं हलकेच सरकू लागली, की दुसऱ्या मिनिटाला मान छातीवर. घोरत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. माझं मत असं की वर्षभर वीस घरांच्या बेला वाजवलेल्या माणसाला नव्वद जणांनी मिळून निजवावं, यात गैर काही नाही. एकदा मी छेडलं तेव्हा ते हायडनवर घसरले. हायडनच्या चौऱ्याण्णवाव्या सिम्फनीत, 1792 सालच्या, संथ भागात सगळं शांत चाललेलं असताना एकदम सगळा ऑर्केस्ट्रा ढाण्णकन वाजतो. पेंगणाऱ्यांना दचकवायला म्हणून, असं लोक सांगत आले. “म्हणजे लंडनमध्येही माझ्यासारखे होते,” नाना म्हणाले, “आणि तिकीट त्यांनीही काढलेलं होतं.”

जागे असताना मात्र त्यांचं लक्ष भलतीकडे असतं. खजिनदाराचं असावं तिथे. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’मध्ये झांजवाल्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत एकदाच वाजवायचं असतं, चौथ्या भागात, आणि तेही फार जोरात नाही. नाना पूर्णवेळ त्याच्याकडे बघत बसले होते. तो उठला, नाना सरसावले. त्याने एकदा वाजवलं, बसला. नानांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं आता मानधनाचा हिशेब काढणार. बाहेर आल्यावर म्हणाले, “सगळ्यात अवघड काम त्याचं. चुकायला दुसरी जागाच नाही.” माझ्या ऐकण्यात या सिम्फनीवरचं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे आणि ते सुरातलं काही न कळणाऱ्या माणसाचं आहे.

सप्टेंबरचा सीझन म्हणजे नानांची खरी कसोटी, कारण गणपतीही बरेचदा त्याच सुमारास. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे सगळी मुंबई वळलेली, मरीन ड्राइव्हवर माणूस मावत नाही, आणि नानांना नेमकं त्याच्या पलीकडच्या टोकाला जायचं. मंडळानं एकदा विचारलं, “नाना, तुम्ही नक्की कुठले?” नानांनी आरतीचे पैसे मोजून दिले आणि सरळ ढोल-ताशा पथकाच्या चार पोरांनाच पुढच्या फेब्रुवारीसाठी पकडलं. ब्राम्सची पहिली होती. ती सुरूच होते टिंपनी नावाच्या नगाऱ्यांच्या एकसारख्या ठोक्यांनी.

मी नानांच्या यादीतले सगळे श्रोते पाहिलेत. या चार पोरांसारखं ऐकताना कुणाला पाहिलं नाही. व्हायोलिनांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. टिंपनीवाला बाकीचे वाजवत असताना मधेच वाकून कान अगदी पानाशी नेतो, बोटानं हलकेच टिचकी मारून बघतो, पायानं पेडल दाबून सूर चढवतो, ते त्यांना चौथ्या मिनिटाला दिसलं. मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मध्यंतरात त्यांनी नानांना कोंडाळ्यात घेतलं. पान चामड्याचं की फायबरचं? दमट हवेत उतरतं का? वाजवत असताना त्याला स्वतःचा सूर ऐकू तरी कसा येतो, आम्हाला तर शेजारच्याचा ताशासुद्धा ऐकू येत नाही?

नानांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते कॉफी तशीच टाकून संगमरवरी जिन्यानं खाली धावले, कुणाला तरी विचारायला, आणि घंटा होता होता परतले. “बहुतेक प्लॅस्टिकचं, काही जण चामड्याचं वापरतात,” ते धापा टाकत म्हणाले. पोरांनी माना डोलावल्या. त्यांच्यातला थोरला म्हणाला, “नाना, सप्टेंबरची चार लिहा. विसर्जनाचा दिवस सोडून.”

नानांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि तो चारचा आकडा लिहिण्याआधी मान वर केली.

“मागच्या गणपतीतले दोनशे राहिलेत तुमच्याकडे. ते आधी.”