फराळाचे ताट : शेजारधर्माची एक मीमांसा

महाराष्ट्रातील चाळींमध्ये आणि सोसायट्यांमध्ये दिवाळीच्या चार-पाच दिवसांत शेजारधर्माचा जो व्यवहार चालतो, त्याचे प्रमुख साधन म्हणजे फराळाचे ताट होय. फराळ या संज्ञेत एरवी उपवासाचे पदार्थही येतात. येथे मात्र ती लाडू, चकली, करंजी, चिवडा, शेव, शंकरपाळे आणि, घरात कोणी धाडसी असल्यास, अनारसे एवढ्यांपुरतीच घेतली आहे. विणलेल्या रुमालाखाली झाकलेले हे ताट एका दारातून निघून समोरच्या दारात शिरते, आणि थोड्याच वेळाने समोरून दुसरे ताट या दारात येते. दोन्ही ताटांतील पदार्थांची यादी जवळजवळ एकच असल्याने, निव्वळ हिशेबाने पाहिल्यास, दोन्ही कुटुंबांनी आपापला फराळ घरीच संपवला असता तर रुमालाला तेलाचे डाग तरी पडले नसते.

हिशेबाची ही दृष्टी अपुरी असते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भेट देण्याच्या प्रथेवरील आपल्या निबंधात दाखवून दिले. देणे, स्वीकारणे आणि परत देणे अशी तीन बंधने त्यांनी सांगितली. शिवाय न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या समजुतीनुसार दिलेल्या वस्तूत 'हाऊ' नावाचे तत्त्व वसते आणि ते आपल्या मूळ जागी परतू पाहते, असेही नोंदवले. दादरची दिवाळी मॉस यांच्या वाट्याला आली असती, तर हाऊचा दाखला त्यांना इतक्या दुरून आणावा लागला नसता, कारण येथे तो भांड्यांच्या दुकानातील यंत्राने स्टीलच्या ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरून दिलेला असतो, नावाआडनावासह, आणि ताट लग्नातील आहेराचे असेल तर तारखेसहसुद्धा. असे ताट रिकामे परत करू नये, असा दंडक आहे. घरात अजून काहीच तळून झाले नसेल तर निदान चिमूटभर साखर घालून ते धाडले जाते, आणि समोरच्या घरात मधुमेह आहे हे साऱ्या मजल्याला ठाऊक असले तरी साखरच धाडली जाते.

तीन बंधनांपैकी सर्वांत रंगतदार बंधन स्वीकाराचे. ताट हाती येताच "अहो, कशाला एवढं?" असे म्हणावे लागते आणि त्यावर "चवीपुरतंच आहे हो" असे उत्तर ठरलेले असते, मग ताटात लाडवांचा डोंगर का असेना. यानंतर देणाऱ्या गृहिणीने स्वतःच्या फराळाची निंदा करायची असते. तीही सरसकट नव्हे, तर जो पदार्थ यंदा सर्वांत उत्तम साधला आहे त्याचीच ("चकली जरा बिघडलीच हं या वेळी"), जेणेकरून समोरचीला तिथल्या तिथे तुकडा मोडून भाजणीचे प्रमाण विचारणे भाग पडावे. आभाराचे शब्द या सबंध संवादात कोठेही येत नाहीत आणि कोणाला त्यांची उणीवही भासत नाही. प्रमाण विचारले गेले की पोच मिळाली असे दोन्ही पक्ष धरून चालतात.

ही रीत एका धर्मापुरती किंवा एका सणापुरती नाही. गोव्यात नाताळच्या सुमारास ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे गोडाधोडाचे ताट जाते. त्यात दोदोल आणि बेबिंक यांच्या जोडीला नेवऱ्याही असतात. नेवरी म्हणजे करंजीच, त्यामुळे गणेशचतुर्थीला हिंदू घरातून बाहेर पडलेली करंजी तीन-चार महिन्यांनी निराळे सारण पोटात घेऊन त्याच उंबऱ्यावर परत येते. हाऊला इतका कमी प्रवास क्वचितच पडत असेल.

तथापि, खरा अभ्यासविषय आहे तो ताटातील निवडीचा. साहेबांकडे, व्याह्यांकडे किंवा नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाकडे जाणाऱ्या ताटात चकलीचे प्रत्येक वेटोळे अखंड असते, करंज्यांच्या कडा कातणाने एकसारख्या कातरलेल्या असतात आणि लाडवांवरील बेदाणे ऐन मध्यावर बसवलेले असतात. दुसऱ्या टोकाला ज्यांच्याशी वर्षभर वाटीभर विरजणाची आणि घराच्या किल्ल्यांची देवघेव चालते ते शेजारी. त्यांच्याकडे ताट जात नाही, रुमालही जात नाही, तर स्वयंपाकघरातलाच एखादा डबा जातो. त्यात सोऱ्यातून तुटत पडलेल्या चकल्या असतात. सारण आळून बसल्याने कानाशी हलवताच वाजणाऱ्या, म्हणजेच ज्यांचा खुळखुळा झाला अशा करंज्या असतात. आणि 'हसलेले' अनारसेही असतात. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, सुकवून दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचे, खसखशीवर थापून मंद आचेवर तळायचे, आणि इतक्या खटाटोपानंतर अनारसा तुपात पडताच विरघळून पसरला, तर तो हसला असे म्हणतात. हसण्याची पाळी त्या वेळी फक्त त्याच्यावरच आलेली असते. हा डबा शेजारीण ओट्याशी उभ्यानेच उघडते, तुटकी चकली लोण्यात बुडवून खाते आणि मोहन जास्त झाल्याचे तोंडावर सांगते. अशा घरी एखाद्या वर्षी रुमाल घातलेल्या ताटातून अखंड चकल्या आल्या, तर आपले काय चुकले याची चौकशी भाऊबिजेच्या आत सुरू होते.